हसरा शनी

सीताबर्डीच्या फुटपाथवर पोपट घेऊन बसणाऱ्या त्या ज्योतिषाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी छापखान्यात कामाला. त्याच्या भविष्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण पत्त्यांवरची चित्रं बघायला रोज थांबायचो.

त्याच्याजवळ दोन गड्ड्या होत्या. एक बाजारातली, चकचकीत, सगळ्या देवांचे गाल सारखेच गुलाबी. दुसरी त्याच्या वारलेल्या बायकोनं जाड पुठ्ठ्यावर रंगवलेली. तिच्या कडा चोचीनं कुरतडल्या होत्या.

"नवी छान आहे," मी एकदा म्हणालो.

"छान आहे जी, पण मिठ्ठूच्या चोचीतून सटकते."

मग त्यानं बायकोचा शनी दाखवला. तो चक्क हसत होता.

"शनी काहून हसून राहिला?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"घरची म्हणे, माणूस आधीच भेदरून येते. चित्रानं त्याले अजून काहून भेव दाखवाचं?"

पुढे जुनी गड्डी पार झिजली. त्यानं ती जपून फडक्यात बांधून ठेवली आणि नवी वापरायला काढली.

माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी मी पहिल्यांदा त्याच्यापुढे बसलो. मिठ्ठूनं नव्या गड्डीतून एक पत्ता ओढला. तो जाड होता, कडेला कुरतडलेला. शनी.

"बाकी सगळे बदलवले जी," तो हळूच म्हणाला. "हा नाही बदलवला."

भविष्य त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्ता हातात धरून बसून राहिलो. जन्मभर कागद हाताळले, पण हाताला धीर देणारा तो एकच.