राहिलेले पेपर

नांदेडला पत्रकारितेच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या विभागात थोडी मोकळीक होती. काही पेपर ठरलेलेच असत, पण बाकीचे कोणत्या सत्रात घ्यायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सीनियर सांगत, माध्यम कायदा, पत्रकारितेचा इतिहास, संशोधन पद्धती असले रुक्ष पेपर आधी उरकून टाका, म्हणजे शेवटच्या वर्षी एखाद्या दैनिकात काम शिकायला मोकळे राहाल. मी उदगीरची, वडील अडत दुकानात कामाला. मोठ्यांचं ऐकायची सवय होती. मी तसंच ठरवलं.

माझी रूममेट माहूरची. गडाखाली तिच्या वडिलांचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. तिनं सगळं उलटं लावलं. वार्तांकन आधी, कॅमेरा आधी, फीचर लेखन आधी. कायदा आणि इतिहास पार शेवटी.

"वेड लागलंय का तुला? तिसऱ्या वर्षाला नुसता कोरडा अभ्यास उरेल," मी म्हटलं.

"उरू दे."

मला वाटलं, हिला अभ्यासाचा कंटाळा आहे. पण ती लई अभ्यास करायची. एकदा दुपारी होस्टेलच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना तिनं आपणहून सांगितलं. "मला तिसरं वर्ष मिळायचं न्हाई. बाबांनी दोन वर्षं दिलीत. मोठीचं लग्न लांबलं तवा लोक वाट्टेल ते बोलले, तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतलीय. म्हणून जे शिकायचंय ते आधी घेऊन राहिले." आणि ओढणी झटकून तिनं दोरीवर टाकली, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगत होती.

माहितीपटाचा पेपर तिसऱ्या वर्षालाच होता. तो आधी मिळावा म्हणून ती विभागप्रमुख सरांकडे गेली. मी सोबत होते. सर म्हणाले, "नियमात बसत नाही, बाई. एवढी घाई कशाला?" ती दारातून हलली नाही. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग म्हणाले, "मागच्या बाकावर येऊन बसलीस तर मी हाकलणार नाही." दुसऱ्या वर्षभर ती आपले तास करून तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसायची. परीक्षा नाही, मार्क नाहीत. तिथल्या मुलांना ट्रायपॉड धरायला माणूस लागला की हीच पुढे.

तिच्यासोबत एकदा अर्धापूरला गेले होते. केळीच्या घडांच्या फण्या करून त्या पेट्यांत भरणाऱ्या बायकांवर तिला लिहायचं होतं. मी लांबून प्रश्न विचारत होते. ती जाऊन त्यांच्यात बसली, फण्या उचलून द्यायला लागली. एक बाई म्हणाली, "पोरी, चीक लागंल, कपड्याचा डाग जात न्हाई." ही म्हणाली, "लागू द्या मावशी, तुम्ही बोला." संध्याकाळी एसटीत बसलो तेव्हा तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर पोटापर्यंत तांबडे-काळे डाग होते. तो लेख विभागाच्या भित्तिपत्रकावर लागला. सरांनी वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं, आता घरचे ऐकतील. असं लिहिणाऱ्या मुलीला कोण थांबवील?

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि तिचे वडील न्यायला आले. बारीक चणीचा माणूस, हातात पिशवी, पिशवीत आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरींसाठी प्रसाद. मी धीर करून म्हटलं, "काका, एकच वर्ष राहिलंय."

"हाव बेटा, ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "पण लातूरचं स्थळ हाय. माणसं चांगली हायत. पुन्हा असं येईल का, सांग?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला त्यांचा रागही धड धरता आला नाही. तिनं गादी गुंडाळली, बादली माझ्यासाठी ठेवली आणि रिक्षात बसली.

तिसऱ्या वर्षी मी मोकळी होते, ठरवल्याप्रमाणे. पदवी झाली, लातूरच्या एका दैनिकात नोकरी लागली. काही महिन्यांनी तिच्या सासरी गेले. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, माणूस शांत. मला नमस्कार करून, "बसा, बोला निवांत," म्हणून तो खाली दुकानात गेला. सासूबाईंनी पोहे केले. तिचं तान्हं पोरगं आत झोपलं होतं. छळ, जाच असलं काही नव्हतं त्या घरात.

"तुझ्या बातम्या वाचते मी," ती म्हणाली. "पाण्याच्या टँकरची चांगली होती. पण त्यातल्या बाईला बोलू द्यायचं होतंस. सगळं तूच बोललीस."

खरं होतं. मी हसले आणि म्हटलं, "मग तू ये की परत. बाहेरून परीक्षा देता येते का, मी चौकशी करते."

"मी केलीय. येते म्हणाले."

"मग?"

ती ताटलीतले शेंगदाणे बाजूला काढायला लागली.

"यांना विचारलं तर न्हाई म्हणायचे न्हाईत. पण सासूबाईंना समजवा, पोराला कुणाकडं ठेवा, नांदेडला जा-ये करा, घरात रोज बोलाचाली. आणि ते कशासाठी, तर इतिहास आणि कायदा. ज्यात जीव होता ते मी आधीच घेऊन बसले गं, माहितीपटसुद्धा मागच्या बाकावरून. कॅमेरा राहिला असता ना, तर भांडले असते मी."

मी काहीबाही बोलले. पदवी हातात असलेली बरी, पुढं कधी उपयोगी पडते, असं. ती मान हलवत राहिली. तेवढ्यात आत पोरगं उठलं, रडायला लागलं. ती त्याला घ्यायला गेली आणि बाहेर आली तेव्हा त्याच्या दुधाचं बोलायला लागली.

त्यानंतर मी दोनदा तिच्याकडे गेले. अभ्यासाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.