प्रसाधनगृह

"हळू गं, ‘माझी पोट’ आली."

शेजारच्या शैलाकाकूंच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. मी दारात चपला काढत होते. मला ऐकू आलं, हे त्यांना कळलं नाही. त्या दुपारी मी जे केलं ते परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — आईलासुद्धा नाही.

‘माझी पोट’ म्हणजे मी. सातवीत असताना काकूंच्या हळदीकुंकवात मी म्हणाले होते, "माझी पोट दुखते." इंग्लिश मीडियमची मुलगी. पोट ‘ती’ की ‘ते’, मला काय माहीत? सगळ्या हसल्या. पोट का दुखतंय हे तेव्हा मला स्वतःलाही कळलं नव्हतं — घरी गेल्यावर कळलं. काकूंनी मात्र ते नाव धरूनच ठेवलं. लग्नात, गणपतीत, परक्या माणसांसमोर. "पावणं, हिला इचारा, काय दुखतंय?" मी कधी उलट बोलले का? नाही. मराठी शिकले. दातओठ खाऊन शिकले.

आणि आता काकू नगरपरिषदेला उभ्या होत्या. भाषण लिहून द्यायला त्यांनी मलाच बोलावलं होतं.

माहेर आणे गावचं, शाळा चौथीपर्यंत, हे त्यांनी भराभर सांगितलं. मग थांबल्या. "आळेफाट्याच्या बाजारात आईसंगं भाजी इकायला बसायचे. दिवसभर पाणी पीत नव्हतो गं. पिऊन जायचं कुठं? आपल्या बाजारात डोंगराकडच्या बाया तांदूळ घिऊन येत्यात, त्या बी तशाच बसत्यात. मला दुसरं काय नको. बायांसाठी मुतारी. येवढंच लिही."

ऐकताना मला त्या बायांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी मी लिहिलं — ‘महिला प्रसाधनगृह’.

का? काकूंची जीभ मी लहानपणापासून ओळखते. कुठल्या शब्दावर ती अडखळेल, मला ठाऊक होतं.

"ह्ये कसलं गं? मुतारीच लिही की."

"भाषणात असंच म्हणतात, काकू. नाहीतर लोक हसतील."

लोक हसतील — हे म्हणताना मला किती गोड वाटलं, कसं सांगू?

चौकातल्या सभेत काकूंनी कागद धरला. आवाज खणखणीत. "निवडून आल्यावर माझं पयलं काम — बाजारात महिला प्रसादगृह!"

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून आवाज आला, "वहिनी, परसादाला काय ठिवणार?" सगळा चौक हसला. फोन वर झाले. मी माइकच्या मागे मान खाली घालून उभी होते. हसले नाही. घरी येऊन आरशासमोर तो शब्द म्हणून पाहिला — एकदा नाही, कितीदा तरी. स्वच्छ आला.

काकू निवडून आल्या. पण ‘प्रसादवहिनी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिल्या बैठकीत बाजाराचा विषय काढायला त्या उठल्या, कुणीतरी हळूच "प्रसाद" म्हणालं, आणि त्या खाली बसल्या. तेव्हापासून तिथे त्या तोंड उघडत नाहीत. मुतारी झाली नाही. डोंगराकडच्या बाया अजूनही पाणी न पिता बसतात. त्यांनी माझं काय बिघडवलं होतं?

परवा त्याच ओट्यावर, त्याच बायकांसमोर, काकू म्हणाल्या, "हिनं भाषण लई झ्याक लिव्हलं व्हतं. माझीच जीभ जड." आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावाने हाक मारली. म्हणाल्या, "बस."

मी बसले नाही. मला दया आली असं समजू नका. मला राग आला. माझं काम त्यांनी आपल्या जिभेच्या नावावर घालावं? ते कुणी केलं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. सगळ्यांसमोर. मी बोलले, आणि एकही शब्द चुकला नाही —

"जीभ जड नव्हती, काकू. मुतारीच बरोबर होतं. प्रसाधनगृह हा शब्द तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तो घातला."