खळ्यावरून घेतलेली घिरटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझी दुखणी रोज नव्यानं सांगतो. आज तुम्हाला सांगायला बसलोय. जमेल तसं सांगतो.

मी विमान कंपनीत कॅप्टन होतो. आमच्या एकोडी गावात धान पिकतं. वैमानिक पिकला तो मीच पहिला. पण लहानपणी मी गावातला अव्वल नंबरचा बेध्यान पोरगा. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी सोडायला पाठवावं, तर मी बगळे बघत बसायचो आणि पाणी शेजाऱ्याच्या बांधीत. आता डॉक्टरांकडे त्याला नाव आहे. तेव्हा फक्त मार होता.

कधी मारलं नाही ते मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं. "हात जे करते ते तोंडानं बोलत जाय," ते म्हणायचे, "मंग ध्यान पळत नाही." मी पुटपुटत गाठी मारायला शिकलो, पुटपुटत गणितं सोडवली, आणि पुढे नागपूरला विमान शिकताना त्याच पुटपुटण्यावर तरलो. तिथं उड्डाणाआधी एकेक गोष्ट मोठ्यानं बोलूनच तपासतात. मेडिकलला माझे डोळे, कान, छाती, सगळं तपासलं. ध्यान कुणी तपासलं नाही. आणि मी — मी कशाला सांगतो?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. धान चुरायचे, म्हणजे मळणीचे दिवस. शिक्षणाचा भाग म्हणून मला एकट्यानं विमान घेऊन रायपूरच्या सडकेवरून जायचं आणि परत यायचं होतं, ठरलेल्या उंचीवरून. साकोली दिसली. विमानाला तिथून आमचं गाव म्हणजे हाकेच्या अंतरावर — एक घिरटी घेतली तर काय बिघडलं? उंची सोडायची नाही, असं मी मोठ्यानं बोललोसुद्धा.

मग आमचं खळं दिसलं. मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, धान तुडवत फिरणारे बैल, त्यांच्यामागे दावं धरून चालणारा शालिक, मोठ्या बाबांचा मुलगा. मोठे बाबा पेंढ्या सारख्या करत होते. त्यांनी मान वर केली, हात उंचावला. मी आहे हे त्यांना कळलं होतं का? मला वाटलं, कळलं. आणि माझं बोलणं थांबलं. मी नुसता बघत राहिलो, खाली खाली येत राहिलो. भानावर आलो तेव्हा आंब्याचे शेंडे चाकांना लागायच्या बेतात होते. विमान कसंबसं वर ओढलं आणि निघून गेलो.

मागे खळ्यावर बैल उधळले होते. मोठे बाबा त्यांच्या पायांखाली आले. साकोलीच्या दवाखान्यात नेता नेता गेले.

तार मिळाली तसा गावी पोचलो. विमान लय खाली आलं होतं, एवढंच शालिक पुन्हा पुन्हा सांगत होता. "इमान तं साऱ्या गावावरून गेलं," बसायला आलेली माणसं म्हणत, "बैल तुह्येच काहून उधळले? दावं हातात असून ध्यान कुठी होतं तुहं?"

शालिकचं ध्यान! ज्याच्या हातून आयुष्यात कधी दोर सुटला नाही, त्या शालिकचं. मी शेजारीच बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण बोललो असतो तर माझं विमान गेलं असतं — आणि मला ते हवं होतं. घाबरलो होतो म्हणू? घाबरलो होतोच. पण भीतीपेक्षा हाव मोठी होती. मी मान खाली घातली; लोकांना वाटलं, दुःखानं.

मी नोकरीला लागलो, कॅप्टन झालो. शालिकला पुन्हा कुणी आपल्या खळ्यावर बोलावलं नाही. त्याच्या आईनं मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. लग्नाची दोन ठिकाणी बोलणी झाली आणि मोडली.

पुढे ऐंशीच्या दशकात एका उन्हाळ्यात गावी गेलो होतो. ओसरीवर आम्ही दोघंच.

"दादा," तो म्हणाला, "मी लय इचार केला. इमान काही एवढं खाली नोहतं आलं. माहंच ध्यान नोहतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होते असं कधी कधी."