वायर काढा

शेळीची धार काढताना हाताला दुधाचा वास आला की मला भोरमधलं लॅपटॉपचं ते दुकान आठवतं. लेक कॉलेजात होती, वाडीवर निम्मा दिवस वीज नसायची, म्हणून वापरलेला छोटा लॅपटॉप बघायला आम्ही मार्गासनीहून एसटीनं गेलो होतो. तो खराब निघाला असता तर दुसरा घेणं जमणार नव्हतं. दुकानदारानं एक लाल लॅपटॉप उघडून ठेवला. पडदा लख्ख होता, लेक लगेच भुलली. मी दुकानात तोंड उघडत नसे, पण माझी नजर मागच्या चार्जिंगच्या वायरीवरून हलेना. बाजारात शेळी विकणारे आदल्या दिवशी धार काढत नाहीत, म्हणजे कास भरलेली दिसते. मी हळूच म्हटलं, "दादा, वायर काढा की." "मावशी, ह्यो काय मिक्सर हाय व्हय?" तो हसला. "आये, गप," लेकीनं कोपर मारलं. "शेळीबी आमी पिळून बघितल्याबिगर घेत न्हाई," म्हणत मीच वायर ओढली. लाल लॅपटॉप जागच्या जागी विझला, बॅटरीत जीवच नव्हता. दुकानदाराचं हसूही गेलं. मग त्यानं झाकणावर ओरखडे असलेला काळा काढला. वायर काढली, चहा आला, पिऊन झाला, तरी तो चालूच. लेकीनं पडद्याचा उजेड कमी केला, मला वाचता येतील एवढी अक्षरं मोठी केली, आणि आम्ही तोच घेतला. आजही दुकानात माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं लॅपटॉपचं विचारलं, तेव्हा लेक सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "आमच्या आयेनं निवडलाय."