उपयोग: नाही

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. पेपर तपासताना मला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे रिकामी जागा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण जागा कोरी ठेवायची नाही, असं वर्गात ओरडून ओरडून सांगायचे. "येत नसेल तर 'येत नाही' असं लिहा," म्हणायचे. मुलं हसायची, पण लिहायची. ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही आणि तिनेच शेवटी वाट लावली. माझी नाही, दुसऱ्याच एका बाईची.

झालं असं, की आमच्या प्रभागाची जैवविविधतेची नोंदवही करायची होती. आपल्या भागात कोणती झाडं आहेत, कोणते पक्षी, कोणते मासे, इथली माणसं त्यांना काय म्हणतात, कशासाठी वापरतात, त्यांच्याबद्दल कोणाला माहिती आहे, हे सगळं लोकांना विचारून लिहून ठेवायचं. तसा कायदाच आहे. उद्या एखाद्या जागेबद्दल काही ठरवायचं झालं तर ही वही उघडून बघायची, असा त्यामागचा विचार. मला तो फार आवडला. प्रभाग कार्यालयातले साहेब घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, चारकोपच्या बाजूची खाडी तुम्ही घ्या." मी चहा ठेवायच्या आधीच हो म्हणून मोकळी झाले.

खाडीवर माझा जीव. चारकोपच्या सेक्टरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून कांदळवन दिसतं. डंपर यायचे, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा त्यात ओतून जायचे आणि तो हिरवा पट्टा दर वर्षी थोडा मागे सरकायचा. मी तक्रारी केल्या, सोसायटीतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, "कुंपण घाला" म्हणून अर्ज दिले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की माझा कुंपणाला विरोध होता. विरोध कसला? कुंपण मीच मागितलं होतं.

खाडीच्या काठाला जुनं गावठाण आहे. तिथे एक मावशी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, ख्रिस्ती, अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. त्यांच्या घरची भातशेती केव्हाच गेली, मुलं नोकऱ्यांना लागली. मावशी मात्र ओहोटी लागली की गावठाणाच्या टोकाच्या क्रूसामागच्या वाटेने चिखलात उतरतात आणि निवट्या पकडतात. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटाएवढा मासा. मी पुस्तकातून त्याची आकृती काढायला शिकवत आले, पण तो हाताने धरलेला कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी मावशींनी मला काठावर उभं केलं आणि स्वतः गुडघाभर चिखलात गेल्या. आत जाण्याआधी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडावर त्यांनी टाच दाबली आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. पहिली निवटी वर काढली, मला दाखवली आणि सोडून दिली.

"सोडली का?" मी विचारलं.

"पयली खाडीची," त्या म्हणाल्या. "मंग आपली. गाबोळीवाली पन नाय घ्यायची. पावसात तर उतरायचंच नाय. हे लिव, टीचर. पोरांना येळ नाय, आमच्या मागं कोन सांगनार तुला?"

मी भराभर लिहून घेत होते, गाबोळी म्हणजे पोटातली अंडी हेसुद्धा. एवढी वर्षं संवर्धन या विषयावर धडा शिकवला, आणि तो सगळा धडा ही बाई चिखलात उभी राहून तीन वाक्यांत सांगून गेली. मला तेव्हा खरोखर भरून आलं.

मग त्यांनी जेवायला बसवलं. त्यांच्याकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या बाटली मसाल्यातलं निवट्यांचं कालवण, वर कैरीच्या फोडी आणि भात. आम्ही मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत कामाला म्हणून मी इथे वाढले, त्यामुळे माशाच्या ताटापुढे मला लाजबीज नाही. मी रस्सा मागून मागून घेतला. मावशी वाढताना म्हणत होत्या, "जेव गो बाय, खाडीचा हाय, इकतचा नाय."

कच्च्या नोंदी घेऊन मी कार्यालयात गेले. साहेबांनी निवटीचं पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, "मॅडम, हे खातात असं लिहिलंत तर उद्या वरून विचारणा येणार. संरक्षित कांदळवन आहे ते. आत जायची परवानगी आहे का, कोणी दिली, किती पकडतात? त्या आजींच्या दारात माणसं येऊन उभी राहतील. त्यांचं नाव तर घालूच नका. ते रकाने सोडून द्या."

मला ते पटलं. मावशींच्या दारात कोणी दंडुका घेऊन उभं राहिलेलं मला नको होतं. घरी आले, चांगलं शाईचं पेन काढलं आणि पक्की नोंद करायला बसले. स्थानिक नाव: निवटी. आढळ: क्रूसामागचा चिखल. मानवी उपयोग. इथे हात थांबला. साहेब म्हणाले होते सोडून द्या. पण त्या पानावर ते दोन कोरे चौकोन बघून माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. जिने जन्मभर मुलांना कोरी जागा ठेवू दिली नाही, ती स्वतः कशी ठेवणार? मी लिहिलं, मानवी उपयोग: नाही. माहिती असणारी व्यक्ती: नाही. वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर पान लांब धरून बघितलंसुद्धा.

पहिली निवटी सोडायची, गाबोळीवाली घ्यायची नाही, हे मी मग कुठे लिहिणार होते? जिथे पकडणारं कोणी नाही तिथे सोडणारं तरी कुठून येणार? ते माझ्या कच्च्या वहीतच राहिलं.

पुढे कुंपण आलं. हिरवी जाळी, सिमेंटचे खांब, वर काटेरी तार. डंपर खरोखर बंद झाले. गच्चीतून बघताना बगळे वाढल्यासारखे वाटले, की मलाच तसं बघायचं होतं कोणास ठाऊक. मी सोसायटीत पेढे वाटले. मावशींची आठवण मला त्या दिवशी झाली नाही, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

त्यानंतर पंधराएक दिवसांत मावशी माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. सोफ्यावर बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. क्रूसामागच्या वाटेवर जाळी ठोकली होती. बाकी दोन ठिकाणी कुंपणाला दार ठेवलं होतं, होड्या लागतात तिथे. इथे नव्हतं. कुंपणाच्या मुकादमाने सांगितलं होतं, जिथे लोकांचा वापर नोंदलेला आहे तिथेच दार ठेवायचा हुकूम आहे, तुमचा वापर असेल तर वहीतली नोंद दाखवा.

"मी बोलली त्याला," मावशी म्हणाल्या, "नोंद हाय. माज्या टीचरनं लिवलीय, माज्यासमोर लिवलीय. तू चल ना गो माज्यासंगती. तू वाचून दाखव, म्हंजे झाला."

एवढ्या आनंदाने आणि भरवशाने कोणी माझ्या दारात आलं असेल तर मला आठवत नाही. मी त्यांना पाणी दिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ या."

रिक्षात त्या मला दाराबद्दल सांगत होत्या. मोठं नको, एक माणूस आडवा जाईल एवढंच, कुलूप त्यांचं असू दे, चावी क्रूसापाशी ठेवा. मी "हं, हं" करत होते. डोक्यात नुसता गुंता. खातात असं लिहिलं असतं तर विचारणा आली असती, कदाचित बंदीही. नाही लिहिलं, तर न विचारताच बंदी आली. कोरं ठेवलं असतं तर मुकादमाला निदान प्रश्न पडला असता. मी त्यांना वाचवायला गेले, का स्वतःचं पान नीटनेटकं ठेवायला? आणि कुंपण नसतं तर खाडीच उरली नसती, मग निवट्या कुठल्या आणि वाट कुठली? प्रत्येक गोष्ट खरी होती आणि एकही दुसरीशी जुळत नव्हती.

कार्यालयात साहेबांनी वही काढली, पान उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं आठवत होतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"वाच ना टीचर," मावशी म्हणाल्या. "मोठ्यानं वाच, सायबाला ऐकू दे."

मला खोटं वाचता आलं असतं. मावशींना वाचता येत नाही. पण साहेब समोर होते, आणि अक्षर माझं होतं. मी वाचलं. "मानवी उपयोग: नाही. माहिती असणारी व्यक्ती: नाही."

मावशींनी वही स्वतःकडे ओढली.

"मंग त्या दिशी माज्या घरात जेवली ती कोन?"

मी सगळं सांगितलं. साहेबांचा इशारा, कोरे रकाने, माझी खोड, सगळं. साहेबांनीही मान हलवून दुजोरा दिला. मावशींनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मना इचारायचा तरी. माजी भीती मना ठावं, तू कशाला घेतलीस?"

मी वही मिटून साहेबांकडे सरकवली.

साहेब म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज करता येईल. समितीपुढे जाईल, मग बघू. दार मिळेल की नोटीस येईल ते सांगता येत नाही. या वेळी मी मावशींना विचारलं, लिहू का? परवानगी मागतील, त्रास होईल. त्या म्हणाल्या, "लिव. नावासकट लिव."

तिथेच बाकावर बसून मी अर्ज भरला. उपयोग: खाण्यासाठी. माहिती असणारी व्यक्ती: त्यांचं पूर्ण नाव, त्यांनी सांगितलं तसं. खाली पहिल्या निवटीचा नियम, गाबोळीचा नियम, पावसाचा नियम. शेवटचा रकाना होता पुरावा. त्यापुढे मी लिहिलं, "मी स्वतः त्यांच्या घरी निवट्यांचं कालवण जेवले आहे. तीनदा रस्सा मागून घेतला."

देण्याआधी मावशींनी सगळा अर्ज माझ्याकडून वाचून घेतला. मी शब्द न् शब्द वाचला. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटच्या ओळीला त्यांनी मान वर केली. हसल्या मात्र नाहीत.

"तीनदा नाय. चारदा."

मी तीन खोडून चार केलं आणि बाजूला सही केली.