खात्रीनानांचा हवालदार

ओझरच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की द्राक्षबागा लागतात. तिथे बहिरू नाना कुठे राहतात असं विचारलं, तर समोरचा डोकं खाजवत उभा राहायचा. खात्रीनाना म्हटलं की लगेच बोट दाखवायचा. हे नाव त्यांना लेकीची सोयरीक जुळवताना पडलं. स्थळ चांगलं होतं, मुलगा सातपूरला कंपनीत होता, माणसं ओळखीतली. पण नाना जाऊन त्या कंपनीच्या गेटसमोर अख्खी पाळी उभे राहिले. मुलगा खरंच आत जातो का, आणि आत गेलेला वेळेवर बाहेर येतो का, ते बघायला. लग्न झालं, जावई सोन्यासारखा निघाला, नातवंडं झाली. तरी नाना म्हणायचे, बघू, अजून काय त्याचं आयुष्य संपलेलं नाय.

माणूस वाईट नव्हता हो. कुणाचा दमडा बुडवला नाही, कुणाच्या बांधावर पाय टाकला नाही. पण जो कुणी दारात येतो तो आपल्याला टोपी घालायलाच घरून निघालेला असतो, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं होतं ते बसलंच होतं. गॅसची टाकी आली की आपल्या वजनकाट्यावर चढवायची. कीर्तनाची वर्गणी मागायला पोरं आली की महाराजांचं गाव कुठलं, आधी कुठे कीर्तन केलं, सगळी चौकशी. बायको चंद्रभागाबाई म्हणायची, वर गेल्यावर हा माणूस यमाला विचारंल, तुझी नेमणूक कुणी केली.

एवढ्या मोठ्या जगात नानांचा भरवसा एकाच जीवावर होता, आणि तो होता त्यांचा कुत्रा. रंग अगदी खाकी, म्हणून नाव हवालदार. पाटाच्या कडेला पिल्लू असताना सापडला होता. दिसायला काही विशेष नाही, एका कानाचा शेंडा तुटलेला, पण आवाज असा की रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्याचा हात आपोआप ब्रेकवर जायचा.

त्याची पत वाढली ती शहाण्णव साली. त्या वर्षी बाहेरचा एक व्यापारी गावात उतरला. पांढरी गाडी, गोड बोलणं, आणि भाव बाकीच्यांपेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त. गावाने बागा त्याच्या हवाली केल्या. नानांच्या फाटकात मात्र हवालदाराने त्याची पँट धरली. एरवी नानांनी नुसतं 'हं' केलं तरी तो गप्प बसायचा, त्या दिवशी काही केल्या बसेना. नानांनी भाव पटत नाही म्हणून सांगितलं आणि व्यापाऱ्याला वाटेला लावलं. महिन्याभरात तो गडी गावाच्या हातावर तुरी देऊन पसार झाला, चेक बँकेतून परत आले, आणि घराघरात रडारड सुरू झाली. नानांनी त्या दिवशी हवालदाराला स्वतःच्या ताटातली पुरणपोळी घातली.

तेव्हापासून रिवाजच पडला. व्यापारी आला की खुर्ची नाही, पाणी नाही, आधी हवालदाराला सोडायचं. तो भोवती फिरणार, बूट हुंगणार, हात हुंगणार. शेपटी हलली की खुर्ची बाहेर यायची. गुरगुरला की चहा पाजून रामराम. व्यापारीही काय कमी होते? एकजण खिशात बिस्किटं घालून आला. नानांनी ती बाहेर काढायला लावली. लाच चालायची नाही त्यांच्याकडे. आणि खरं सांगायचं तर कुत्र्याचा अंदाज कधी चुकायचा, कधी बरोबर यायचा, जसा कुणाचाही येतो. पण चुकलेलं नाना विसरायचे.

दोन हजार चार सालच्या फाल्गुनात ऐन तोडणी चालू होती. शेडमध्ये बाया घड साफ करत बसल्या होत्या, कात्रीने खराब मणी काढून बाजूला टाकत होत्या. मण्यांचा हा ढीग शेळ्यांना जायचा. हवालदारही त्यात तोंड घालायचा, दरवर्षीच घालायचा. त्या दिवशी कामाच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्याने पोटभर हाणले. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. सकाळी बघतात तर ट्रॅक्टरखाली पडलेला, डोळे निस्तेज, भाकरीकडे बघेना.

नानांचा पहिला संशय शेजारच्या बांधावर गेला. कुणीतरी विष घातलं. सुरगाण्याहून हंगामाला आलेला मंगळू शेडमागे बायकोसोबत राहायचा. तो म्हणाला, नाना, इख नाय घातलं कुणी, त्यानं मणी लय खाल्ले, म्या पाहिलं. आता बिचाऱ्याने सरळ सांगितलं, तर नानांना वाटलं, हा न विचारता कशाला सांगतोय? चंद्रभागाबाईने कपाळावर हात मारला. गावातला गुरांचा डॉक्टर म्हणाला, कुत्र्याला नाशिकला दाखवा, उशीर करू नका.

आता आली का पंचाईत. जनावराच्या इलाजावर किती घालायचे, याचा नानांचा हिशेब ठरलेला होता. बाजारात त्याची जी किंमत येईल, तिच्या चौथाईपर्यंत जायचं. त्याच्या वर गेलं की सोडून द्यायचं. बैल असो, गाय असो, हिशेबात बसायचे. पण हवालदाराची बाजारात किंमत काय? कोण घेणार कान तुटलेलं गावठी कुत्रं? शून्याची चौथाई शून्य. पिकअपमध्ये मागे पोत्यावर हवालदार, पुढे नाना आणि चंद्रभागाबाई, आणि सगळ्या रस्ताभर नानांच्या डोक्यात हाच घोळ. नाशिकच्या द्वारकेपर्यंत येईतो त्यांनी मनाशी पाचशे ठरवले. त्यावर एक रुपया नाही.

द्वारकेच्या चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या मागे डॉक्टर खैरनारांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, नुकताच बस्तान बसवलेला. नानांनी आत शिरताच नजर फिरवली. भिंतीला नवा रंग, कोपऱ्यात पिंजरे, आणि पिंजरे रिकामे. ते रिकामे पिंजरे नानांच्या डोळ्यांत खुपले. हे भरायला गिऱ्हाईक लागत असणार.

डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. नाना काही बोलायच्या आत चंद्रभागाबाईने मण्यांचं सांगून टाकलं. डॉक्टर एकदम गंभीर झाले. म्हणाले, द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या बिघडू शकतात, हे अलीकडेच लक्षात आलंय. का होतं ते अजून नीट कळलेलं नाही, आणि सगळ्याच कुत्र्यांना होतं असंही नाही. पण ज्याला होतं त्याला फार वाईट होतं.

नाना बघतच राहिले. वीस वर्षं ज्याने द्राक्षं पिकवली, ज्याची द्राक्षं दुबईला गेली, त्याला हा कालचा पोरगा सांगतोय की द्राक्ष विषारी! बरं, दरवर्षी खातोय की हवालदार. तेव्हा काय किडन्या घरी ठेवून यायचा? नानांच्या डोक्यात उजेड पडला. असं काहीतरी सांगायचं की ज्याचा पडताळा कुणाला घेता येणार नाही, आणि मग आकडा सांगायचा.

आकडा आलाच. तीन दिवस इथे ठेवावं लागेल, सतत सलाईन, रक्ताच्या तपासण्या, सगळं धरून चार हजारांच्या आसपास. नानांनी आपला कायमचा प्रश्न विचारला.

"बरा होईल याची खात्री?"

"खात्री नाही देता येत, नाना. पण आजच सुरू केलं तर आशा चांगली आहे."

खात्री नाही, आणि चार हजार आधी! फवारणीच्या औषधाच्या डब्यावरसुद्धा तक्रार करायला कंपनीचा पत्ता असतो. तरीही नाना लगेच उठले नाहीत, हेही खरं. टेबलावर हवालदार पडला होता, त्याची बरगडी खालीवर होत होती, आणि नानांचा हात त्याच्या मानेवरून निघत नव्हता. पाचशेचे हजार झाले, हजाराचे दोन हजार झाले, मनातल्या मनात. अजून थोडा वेळ गेला असता तर कदाचित चारही झाले असते.

तेवढ्यात डॉक्टर रक्त घ्यायला सुई घेऊन आले. हवालदाराने मान उचलली, दात दाखवले आणि पोटातून गुरगुरला. शहाण्णवच्या त्या व्यापाऱ्यावर गुरगुरला होता तसाच.

नानांचा चेहरा मोकळा झाला. एवढा वेळ घोडं अडलं होतं ते सुटलं. आता कुणाला विचारायची गरजच उरली नाही. त्यांनी नुसतं चंद्रभागाबाईकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिचा पारा चढला. डॉक्टरांसमोरच ती म्हणाली,

"आवं, सुई दिसल्यावर तो माझ्यावर बी गुरगुरंल. त्याला काय कळतंय, हा चोर हाय का साव हाय?"

नानांनी ऐकलं नाही. उलट्या थांबायचं इंजेक्शन द्या आणि सोडा, म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, मग आणखी एकदा. दोन हजारच भरा, बाकीचे नंतर बघू, असंही म्हणाले. भाव उतरला म्हटल्यावर तर नानांची खात्रीच पटली. आधी चार सांगितले आणि गिऱ्हाईक उठायला लागलं तसे दोन! शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि दारापर्यंत येऊन सांगितलं, लघवी करतोय का तेवढं बघा. नाही केली तर एक मिनिट थांबू नका, घेऊन या.

हवालदाराला घेऊन दोघं घरी आले. संध्याकाळी उलट्या थांबल्या. हवालदार भांडंभर पाणी प्यायला. नाना तर हवेतच. पारावर जाऊन दोघातिघांना सांगून आले, दोनशेत काम झालं, डॉक्टर चार हजारांची टोपी घालत होता, पण आपला हवालदार सोडतो का. मग घरी येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि बोटाने त्याच्या ओठांना दूध लावत राहिले. दूध तो चाटत नव्हता. दमला असंल, नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. राहिलेल्या मालाचा सौदा करायचा होता. त्याला इथली रीत माहीत होती, म्हणून फाटकातच थांबला, हात पुढे करून, हवालदाराने येऊन हुंगावं म्हणून. हवालदार फाटकाजवळच पडला होता. त्याने डोळा उघडला आणि मिटला. नानांनी हाक मारली, हवालदार, बघ रे कोण आलंय. पुन्हा मारली. व्यापारी थोडा थांबला, मग त्याला ओलांडून आत आला.

हवालदाराला कुणी ओलांडून आत आलं होतं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. नाना पळत गेले, त्याच्या अंगाखाली हात घातला. जमीन कोरडी होती. फाटकाचा खांब कोरडा होता. जो कुत्रा दिसेल त्या खांबावर तंगडी वर करायचा, त्याने कालपासून एकदाही केली नव्हती, आणि हे आपण बघितलंच नाही, हे नानांच्या ध्यानात आलं. व्यापारी भाव सांगत होता. त्याचं वाक्य अर्ध्यावर सोडून नाना घरात गेले, कपाट उघडलं, हाताला लागली ती गड्डी उचलली. न मोजता. चंद्रभागाबाई दारात उभी होती, तिने ते पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. मंगळूने हवालदाराला उचलून पिकअपमध्ये ठेवलं.

डॉक्टरांनी बघताक्षणी त्याला टेबलावर घेतलं. ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, पायात सुई घातली. नाना हवालदाराच्या तोंडाकडे बघत उभे होते. डॉक्टर त्याला हवं तिथे हात लावत होते, आणि तो लावू देत होता.

"गुरगुर की रे," नाना म्हणाले. "गुरगुर ना."

हवालदार गुरगुरला नाही.

डॉक्टर बराच वेळ तपासत राहिले. मग हात पुसत म्हणाले की किडन्या बंद पडल्यात. आता सलाईन दिलं तरी ते बाहेर पडणार नाही, अंगातच साठेल. मोठ्या मशीनवर रक्त साफ करता येतं, पण तसं मशीन कुत्र्यांसाठी इथे नाही. जाईपर्यंत त्रास होऊ नये, तेवढं बघता येईल.

नानांनी गड्डी टेबलावर ठेवली. चार हजार घ्या, म्हणाले. आठ घ्या. जास्त असतील, मोजून घ्या, न मोजता घ्या. डॉक्टरांनी गड्डी त्यांच्याकडे परत सरकवली.

"कालचे पैसे इलाजाचे होते, नाना. आज घेतले तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

नाना त्या नोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी ती गड्डी दोन्ही हातांनी उचलली आणि डॉक्टरांच्या छातीशी धरली.

"मग फसवा मला. एकदा फसवा, डॉक्टर. घ्या हे, आन ती बाटली लावा."

डॉक्टरांनी चंद्रभागाबाईकडे बघितलं. तिने डोळ्याला पदर लावला होता. त्यांनी नोटा नानांच्या हातातून सोडवून तिच्याकडे दिल्या, कपाटातून एक बाटली काढली, खुंटीला टांगली, आणि नळी अगदी बारीक सोडली, एकेक थेंब. सुई निसटू नये म्हणून पाय हलू देऊ नका, एवढं सांगून ते बाजूला झाले. नानांनी हवालदाराचा पाय दोन्ही हातांत धरून ठेवला. तो हलत नव्हताच.