नेलपॉलिश लावलेलं कार्ड

शनिवार, सकाळी दहा. हजर: मी, मुलगी आणि गोरेगावहून बोलावलेला माझा धाकटा भाऊ.

मुलीच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्याच्या कडेच्या खाचेत बसणाऱ्या स्टोरेज कार्डात तिचा अख्खा प्रोजेक्ट होता. दुसरी प्रत नव्हती आणि सोमवारी तो कॉलेजात दाखवायचा होता. लॅपटॉप सुरू केला की कार्ड जोडणारी सर्व्हिस, म्हणजे आतला छोटा प्रोग्राम, फेल झाल्याचं लाल अक्षरांत येई.

भावाने सर्व्हिस पुन्हा चालू केली, मग लॉग, म्हणजे लॅपटॉपने ठेवलेली नोंद, वाचला. "ताई, सर्व्हिस ठीक आहे. तिला कार्डच सापडत नाहीये."

त्याने कार्ड काढून उजेडात धरलं. पिनांवर गुलाबी थर होता.

"हे काय गं?"

"नेलपॉलिश," मी म्हणाले. शेजारी जाणारे डबे ओळखू यावेत म्हणून मी ठिपका लावते, तसा कार्डालाही लावला होता. तो ओघळला असणार.

"मम्मी, यार!" मुलगी ओरडली.

कापसाला रिमूव्हर लावून भावाने पिना जपून पुसल्या. प्रोजेक्ट शाबूत निघाला. मुलीने आधी त्याची दुसरी प्रत काढली, मग ती माझ्याशी बोलली.

नवऱ्याच्या ऑफिसच्या पेनड्राइव्हलाही मी ठिपका लावलाय. तोच घेऊन नवरा आत्ता मरोळला मीटिंगमध्ये आहे. त्याला फोन करायचा राहिलाय.